शंखाचे उजवेपण

यवतमाळहून अमरावतीकडे जाणाऱ्या सडकेवर नेर परसोपंत हे जे तालुक्याचे गाव लागते, त्याच्यापासून पश्चिमेचा समुद्र पाचशे किलोमीटरांच्या पलीकडे आहे आणि पूर्वेचा त्याहूनही दूर. कपाशीच्या काळ्या जमिनीत ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या खपल्या अशा इथल्या कित्येक माणसांनी भरती-ओहोटी कधी डोळ्यांनी पाहिलेली नसते. आणि तरीही या मुलखातील जुन्या घरांच्या देवघरांत डोकावले, तर अडणीवर पाण्याने भरलेला, गंधफूल वाहिलेला शंख आपल्या ठरलेल्या जागी दिसतो. बहुधा तो कोणा पूर्वजाने रामेश्वराच्या यात्रेहून आणलेला असतो, आणि तो आणणारा कोण हे विसरले गेले तरी शंखाची जागा चुकलेली नसते. समुद्र न पाहिलेल्या माणसांनी समुद्रातील एका जीवाचे घर देवाच्या शेजारी बसवावे, ही गोष्ट सवयीने इतकी साधी होऊन गेली आहे की तीत काही प्रश्न दडला असेल असे कोणाच्या मनात येत नाही. माझ्या मते प्रश्न आहे, आणि तो केवळ भाविकांनी सोडवावा असाही नाही. शंखाचे पावित्र्य शंखाच्या ठायी असते, की ते आपण शंखाला देतो?

प्रथम त्या जीवाची ओळख करून घेऊ. आपल्या देवघरातील शंख हा मन्नारचे आखात, पाल्कची सामुद्रधुनी आणि सौराष्ट्र-कच्छचा किनारा यांच्या वालुकामय तळावर राहणाऱ्या एका मोठ्या सागरी गोगलगायीचे कवच होय. लिनियसने १७६७ साली तिची नोंद व्होल्युटा पायरम या नावाने केली. पुढे तिला टर्बिनेला या प्रजातीत घातले गेले, मध्यंतरी झँकस या नावाखाली तिचे दप्तर चालले, आणि ते नाव रद्द होऊन पुन्हा टर्बिनेला कायम झाले. मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्यातील जेम्स हॉर्नेल यांनी १९१४ साली भारतातील या पवित्र शंखावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि तो वाचणाऱ्यास आश्चर्य वाटावे इतक्या आस्थेने त्यांनी पाणबुड्यांपासून शंख कापणाऱ्या बंगाली शांखारींच्या करवतीपर्यंत सर्व काही त्यात टिपून ठेवले आहे. ही गोगलगाय मांसाहारी आहे. वाळूतील कृमी खाऊन ती जगते. सोवळ्याच्या देवघरात कांदासुद्धा चालत नाही, तेथे या कृमिभक्षकाचे घर मात्र तीर्थाचे पात्र होऊन बसते. आणि कॅरिबियन समुद्रातील जो मोठा ‘राणीशंख’ तिकडचे लोक आवडीने खातात, तो बिचारा जन्मभर शेवाळावर निर्वाह करणारा शुद्ध शाकाहारी असतो.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या दर्शनकारांना पाणबुड्याने सांगितली असती तर बरे झाले असते. भ्रमाची चर्चा करताना आपल्या सर्व संप्रदायांचे आचार्य एक दृष्टान्त हटकून घेतात: कावीळ झालेल्या मनुष्याला शंख पिवळा दिसतो. मीमांसक आणि नैयायिक यांचे या ‘पीत शंखा’वर किती वाद झाले याला गणती नाही, रामानुजाचार्यांनी तर श्रीभाष्यात असे प्रतिपादन केले की नेत्रातील पित्त दृष्टीच्या किरणांबरोबर बाहेर पडून शंखाला व्यापते, त्यामुळे पिवळेपणाचे ते ज्ञानही सर्वस्वी निराधार नव्हे. या सर्व वादात एक गोष्ट सर्वांनी गृहीत धरलेली आहे, ती अशी की शंख मुळात पांढरा असतो आणि हे सांगायला प्रमाणाची गरज नाही. वस्तुतः समुद्रतळावरून जिवंत वर आलेला शंख पांढरा नसतो. त्याच्यावर तपकिरी रंगाची, जाड, किंचित केसाळ अशी त्वचा असते. आतील जीव काढून टाकला, ती त्वचा खरवडली, कवच घासून स्वच्छ केले, म्हणजे मग ते शुभ्रत्व प्रकट होते. ज्या शुभ्रतेच्या कसोटीवर आपण काविळीच्या डोळ्याला खोटे ठरवले, ती शुभ्रता स्वतःच कोणा तुतिकोरिनच्या कारागिराच्या हातून आलेली आहे. यावरून रामानुजांचे खरे आणि इतरांचे खोटे असा निवाडा मी करीत नाही. एवढेच म्हणतो की वस्तूचा स्वभाव म्हणून जे आपल्या पुढ्यात येते, त्यात हाताळणीचा अंश किती आहे हे पाहिल्यावाचून स्वभावाविषयी बोलू नये.

आता वर्गीकरणाकडे वळू. लोकव्यवहारात ज्याला ज्याला शंख म्हणतात ते सर्व एका घराण्याचे आहेत काय? प्राणिशास्त्राचे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. आपला पूजेचा शंख टर्बिनेलिडी कुलातला, म्हणजे निओगॅस्ट्रोपोडा या मोठ्या गणातला. विषारी दंशाने मनुष्याचाही प्राण घेऊ शकणारे कोनस याच गणात मोडतात. कॅरिबियनचा राणीशंख स्ट्रॉम्बिडी कुलातला. त्याचे डोळे लांब देठांवर असतात, उजवा डोळा बाहेर काढता यावा म्हणून त्याच्या कवचाच्या ओठाला एक खाच असते, आणि पायाच्या टोकाशी असलेले विळ्यासारखे झाकण वाळूत रोवून तो उड्या मारीत चालतो. फ्लोरिडाकडचा ‘घोडाशंख’ तिसऱ्याच, फॅसिओलॅरिडी कुलातला. उलटपक्षी टर्बिनेलिडीमध्येच पुष्कळ ग्रंथकारांनी असे काही बारीक, लांब शेपटीचे, काटेरी जीव घातले आहेत की त्यांना पाहून कोणी शंख म्हणणार नाही आणि ओठाला लावून फुंकणार तर नाहीच. म्हणजे आकार एकीकडे आणि वंश दुसरीकडे. शिवाय वंशाचे दप्तरही पक्के नाही: त्या राणीशंखाला लिनियसने १७५८ साली स्ट्रॉम्बस म्हटले, नंतर तो युस्ट्रॉम्बस झाला, मग लोबॅटस, आणि आता अ‍ॅलिजर. जमाबंदीच्या वेळी पटवाऱ्याने एकाच शेताला दर बंदोबस्तात नवा क्रमांक द्यावा आणि शेत मात्र जागचे हलू नये, तसा हा प्रकार आहे.

या गोष्टीला हसण्याचा अधिकार ज्याने न्यायशास्त्राचे तोंडही पाहिले नाही त्याला असेल. ज्याने ते पाहिले आहे त्याला येथे एक जुना परिचित सापडतो. वैशेषिकांच्या मते पुष्कळ व्यक्तींमध्ये अनुगत असलेला जो एक, नित्य धर्म, त्याला सामान्य किंवा जाति म्हणावे. परंतु अनेकांना लागू पडणारा प्रत्येक धर्म जातीच्या पदवीला पोचत नाही. दहाव्या शतकाच्या सुमारास उदयनाचार्यांनी जातीला बाधक होणारी सहा कारणे सांगितली, त्यांपैकी एक संकर होय: दोन धर्म काही ठिकाणी एकत्र आढळतात, पण पहिला असून दुसरा नाही अशीही स्थळे आहेत आणि दुसरा असून पहिला नाही अशीही, तेव्हा त्यांना जाति मानता येत नाही, ती केवळ उपाधी. भूतत्व आणि मूर्तत्व यांचे जुने उदाहरण न्यायाच्या अभ्यासकांना पाठ असते. शंखाच्या बाबतीत ही कसोटी लावून पाहावी: देवघरातल्या शंखात शंखाकृती आणि टर्बिनेलिडी-वंश हे दोन्ही धर्म आहेत, राणीशंखात आकृती आहे, वंश नाही, त्या बारीक काटेरी जीवांत वंश आहे, आकृती नाही. स्वच्छ संकर. उदयनाचार्य आज हयात असते तर त्यांनी ‘शंखत्व’ ही जाति नव्हे असा निकाल एका वाक्यात दिला असता, आणि प्राणिशास्त्रज्ञांनी जो निष्कर्ष कवचांतील वळ्या मोजून आणि जनुके जुळवून काढला, तो त्यांनी केवळ तर्काने गाठला असता. मात्र पुढचा भाग त्यांना जड गेला असता. आकृतीला बाजूला सारून वंशाला जाति मानावे, तर वंश नित्य नसतो. तो कधीतरी सुरू होतो. गोगलगायींचा वर्ग सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या कँब्रियन खडकांत प्रथम दिसतो. स्ट्रॉम्बिडींचे पूर्वज ज्युरासिक समुद्रात होते. निओगॅस्ट्रोपोडा हा गण क्रिटेशियस कालखंडात उदयास आला आणि त्याच्या उत्तरार्धात झपाट्याने पसरला. खुद्द टर्बिनेला त्यानंतरच्या तृतीयक कालखंडाची. ज्याला आरंभ आहे त्याला वैशेषिक जाति म्हणणार नाही. येथे बौद्धांचे, विशेषतः धर्मकीर्तीचे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटू लागते, की सामान्य हे वस्तूंत नसून ‘हे नव्हे, ते नव्हे’ असे वगळीत जाणाऱ्या आपल्या बुद्धीचे काम आहे. मी पूर्णपणे त्या पक्षाचा नाही, कारण वंश ही बुद्धीची करामत नव्हे. आईपासून पिल्लू होते, ते कोणी वगळले म्हणून नव्हे.

एवढी भूमिका तयार झाल्यावर दक्षिणावर्त शंखाचा विचार करता येतो, आणि मला खरे सांगावयाचे आहे ते याच ठिकाणी आहे. नेरपासून नाशिकपर्यंत कोणत्याही बाजारात चौकशी करा. साधा शंख शंभर-दोनशे रुपयांत मिळेल, पण उजव्या बाजूला उघडणारा, म्हणजे दक्षिणावर्त, लक्ष्मीचा साक्षात निवास म्हणून हजारोंच्या भावाने सांगितला जाईल. टर्बिनेलाच्या लाखांत एखादा शंख उलट वळणाचा निघतो ही गोष्ट सत्य आहे. परंतु ‘उजवा’ म्हणजे काय? आपण शंख हाती धरतो तो त्याचे निमुळते, पन्हळीचे टोक वर करून. प्राणिशास्त्रज्ञ धरतो तो शिखर वर करून. त्यामुळे ज्याला आपण वामावर्त म्हणतो त्याला तो उजवा म्हणतो, आणि आपल्या दक्षिणावर्ताला तो डावा म्हणून नोंदवतो. दोघेही खरे बोलतात, कवचात फरक पडत नाही. फरक पडतो तो मनगटात. एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. पण आजकाल बाजारात दक्षिणावर्त म्हणून जे विकले जाते, त्यांतील पुष्कळसे टर्बिनेला नसतातच. ते अमेरिकेच्या मेक्सिको आखाताच्या आणि अटलांटिकच्या किनाऱ्यावरील बुसिकॉन नावाच्या निराळ्या गोगलगायीच्या एका जातीचे कवच असते. आपल्या शंखाच्या मधल्या स्तंभावर तीन-चार ठळक वळ्या असतात, त्या त्याच्यात नसतात. जाणता दुकानदार तेथे बोट घालूनच पारख करतो. आणि बुसिकॉनच्या त्या जातीत उलट वळण हाच शिरस्ता आहे. तिथे सगळेच दक्षिणावर्त. एखादा वामावर्त निघाला तर तो दुर्मिळ. लक्ष्मी जर उजव्या वळणात राहत असेल, तर फ्लोरिडाच्या कोळ्यांच्या जाळ्यात ती रोजच सापडते.

याहून जवळचा दाखला हवा असेल तर त्यासाठी अमेरिकेस जाण्याची गरज नाही. नेरच्या पायाखाली जो काळा पाषाण आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर वेळोवेळी वाहिलेल्या लाव्ह्याचा आहे. एक लोट थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत हजारो वर्षांचा अवधी जाई. त्या अवधीत खळग्यांत पाणी साचून तळी होत, वनस्पती वाढत, जलचर येत, आणि मग नवा लाव्हा त्या सर्वांवर मोहर उठवी. अशा थरांतील गारगोटीच्या जातीच्या कठीण खडकात विदर्भभर गोगलगायींचे शिंपले गच्च भरलेले सापडतात. त्यांतील एका ठळक जातीचा शोध मद्रास सैन्यातील शल्यवैद्य माल्कमसन याने गोळा केलेल्या नमुन्यांवरून लागला, आणि सॉवर्बीने १८४० साली तिला फायसा प्रिन्सेपी असे नाव दिले. नंतर कोणी तिला बुलिनस म्हटले, आता प्लॅटिफायसा म्हणतात. दप्तराची तीच तऱ्हा. पण नाव कोणतेही असो, तिचे वळण प्राणिशास्त्राच्या भाषेत डावे आहे, म्हणजे आपल्या देवघराच्या भाषेत उजवे. लाखांत एखादीचे नव्हे, साऱ्याच जातीचे. यवतमाळच्या पूर्वेला वर्धा ओलांडून नागपूर-चंद्रपूरच्या बाजूला गेले, तर शेताच्या बांधावरील एकेका दगडात दक्षिणावर्त शिंपल्यांची गर्दी असते, आणि त्या दगडांना बैल बांधले जातात. त्यांना कोणी कुंकू लावल्याचे ऐकिवात नाही.

या थरांचा सर्वांत चिकाटीने अभ्यास ज्याने केला तो एक पाद्री होता, ही गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरास आला तो धर्मप्रसारासाठी. त्याने शाळा काढली, गोंडांची गीते आणि भाषा टिपून ठेवल्या, आणि सहकारी रॉबर्ट हंटर याच्यासह टाकळीच्या माळापासून दूरदूरच्या ओढ्यांपर्यंत दगड फोडीत हिंडला. भोसल्यांचे राज्य खालसा होऊन नागपूर कंपनी सरकारात जमा झाले आणि वऱ्हाड निजामाकडून कंपनीच्या ताब्यात आला, त्याच उलथापालथीच्या सुमारास, म्हणजे १८५५ साली, या दोघांचा नागपूर प्रांताच्या भूस्तरांवरील निबंध लंडनमध्ये छापला गेला. लाव्ह्याच्या थरांतील शिंपल्यांवर हिस्लॉपचा स्वतंत्र निबंध १८६० साली प्रसिद्ध झाला, डार्विनच्या ग्रंथानंतर अवघ्या वर्षभरात. त्याने त्या थरांचे वय इओसीन ठरवले होते; लाव्ह्याच्या तळाशी असलेल्या लामेटा थरांतील डायनोसॉरांची हाडे आणि खडकांचे किरणोत्सारी वयमापन यांनी ते पुढे क्रिटेशियसच्या अखेरीस नेले. उत्पत्तीच्या पुस्तकावर श्रद्धा असलेला हा मनुष्य, ज्या शिंपल्यांमुळे त्या पुस्तकाची कालगणना मोडून पडते त्याच शिंपल्यांची वर्गवारी एवढ्या प्रेमाने कसा करू शकला? १८६३ साली टाकळघाटजवळची शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या ओढ्यात बुडून तो वारला, तेव्हा हा प्रश्न त्याला विचारणे कोणालाच शक्य राहिले नाही. मला तरी वाटते की त्याने पावित्र्य वस्तूच्या वळणात शोधलेच नव्हते, म्हणून वळण मोजताना त्याचा हात कापला नाही.

वळण येते तरी कोठून? याचे उत्तर समुद्रातील शंखावर नव्हे, तर डबक्यातील लिम्निया या साध्या गोगलगायीवर सापडले, आणि ते कर्मविचाराच्या अभ्यासकाने जरूर पाहावे असे आहे. १९२३ साली बॉयकॉट आणि डायव्हर यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून दिसून आले की पिल्लाचे कवच उजवे होणार की डावे, हे पिल्लाच्या स्वतःच्या बीजावर अवलंबून नसते. ते त्याच्या आईच्या बीजावर ठरते. एखाद्या पिल्लात उजव्या वळणाचे बीज असले तरी आईत ते नसल्यास पिल्लू डावेच वळते, आणि त्याच्या स्वतःच्या बीजाचे फळ त्याच्या संततीत दिसून येते. २०१९ साली जपानच्या रेइको कुरोदा आणि त्यांच्या सहकाऱ्याने ते एक जनुक निकामी करून उजव्या वळणाच्या लिम्नियाची संतती डावी करून दाखवली. म्हणजे ज्या वळणाला आपण लक्ष्मीची कृपा म्हणून हजारो रुपये मोजतो, ते त्या जीवाच्या गुणावरही नाही आणि कर्तृत्वावरही नाही. पहिल्या पिढीतील एका घटनेचे फळ दुसऱ्या पिढीत उघडे पडावे, हे कर्मविपाकाच्या विचाराशी जुळते असे कोणी म्हणेल. पण कर्मविचारात भोगणारा आणि करणारा एकच असावा लागतो, आणि येथे तो एक नाही. जुळते ते वरवरचे.

यावर श्रद्धावंत मनुष्य एक रास्त आक्षेप घेईल, आणि तो घेतला नाही तर मीच घेतो: दुर्मिळतेला मान देणे हा सर्व धर्मांचा स्वभाव आहे, त्यात शास्त्रज्ञाने लुडबुड का करावी? पंढरीच्या विठ्ठलाच्या डाव्या हातात शंख आहे. तो कोणत्या वळणाचा, हे पाहून कोणी वारकरी दर्शन घेत नाही. मग बाजारातील फसवणुकीवरून परंपरेला दोष कशाला? या आक्षेपाचे उत्तर परंपरेनेच देऊन ठेवलेले आहे, आणि ते पूजाविधीत आहे. देवाला स्नान घालण्यापूर्वी कलश, शंख आणि घंटा यांची पूजा करावी लागते. शंखात पाणी घालावे, त्याला गंध-पुष्प वाहावे, त्याच्या ठायी देवतांचे आणि तीर्थांचे आवाहन करावे, मग त्यातील उदकाने पूजाद्रव्यांचे आणि स्वतःचे प्रोक्षण करावे, असा क्रम आहे. अंगणातली तुळस खुडून आणणाऱ्या बटूपासून काशीच्या घनपाठ्यापर्यंत सर्वांना तो मान्य आहे. आता, पावित्र्य जर कवचात जन्मजात असते, तर ते रोज आवाहन करून आणण्याचे प्रयोजन काय? विधी स्वतःच सांगतो आहे की शंख हे पात्र आहे आणि पावित्र्य त्यात घातले जाते, पूजा संपल्यावर रिकामे होते, उद्या पुन्हा घालावे लागते. वळणाचा त्या मंत्रांत पत्ता नाही.

आणि हे आवाहन अनावश्यक ठरते असाही एक पदार्थ आपल्या शास्त्रांनी ओळखला आहे. शाळिग्रामाला प्राणप्रतिष्ठा लागत नाही. तो स्वयंव्यक्त मानला जातो, हाती आला की पूज्य. गंडकीच्या पात्रातील तो काळा गोटा म्हणजे ज्युरासिक समुद्रातील अमोनाइटाचे अश्मीभूत कवच होय, आणि अमोनाइट हा गोगलगाय नसून माकलीच्या जवळचा प्राणी. दख्खनच्या लाव्ह्याच्याच काळात त्याचा सबंध वंश पृथ्वीवरून नाहीसा झाला. जिवंत वंशाच्या कवचाला परंपरेने रोज नव्याने पावित्र्य द्यावयास सांगितले, आणि ज्या वंशाची एकही व्यक्ती उरली नाही त्याच्या दगडाला मात्र स्वतःसिद्ध पावित्र्याची सनद दिली. याची संगती कशी लावावी? वैशेषिक म्हणतील की व्यक्ती संपल्या तरी जाति नित्य असते, तेव्हा अमोनाइटत्व आजही आपल्या विषयाला व्यापून आहेच, केवळ व्यापण्यास विषय नाही. हे उत्तर मला आजवर कोणी समजावून देऊ शकलेले नाही. वैष्णव म्हणतील की शाळिग्रामाचे पावित्र्य कवचाचे नसून गंडकीचे आणि त्यावरील चक्राचे आहे. हे म्हणणे अधिक सरळ आहे, पण मग पावित्र्य स्थानाकडे आणि पाहणाऱ्याच्या डोळ्याकडे गेले, आणि वस्तूच्या ठायी ते होते हा दावा तिथल्या तिथे निकालात निघाला. विदर्भाच्या बांधावरील ती प्लॅटिफायसा याच कारणाने मागे राहिली असावी: तिच्या वाट्याला गंडकी आली नाही, तिच्यावर कोणी चक्र पाहिले नाही, आणि तिला ओठाला लावून फुंकावे तर आतले सर्व पोकळ कोटी कोटी वर्षांपूर्वीच गारेने बुजून गेलेले आहे.